अण्णांनी धरलेला शनिवार

पोर्तुगीज शिकवताना मी छापील पुस्तकातले धडे वापरत नाही. त्या धड्यांत कुणीतरी कायम समुद्रावर जात असतं, नाहीतर बेकरीत पाव घेत असतं, आणि सगळ्यांची आजी मजेत असते. बंगळूरच्या त्या टोकाहून, इलेक्ट्रॉनिक सिटीहून दोन बस बदलून येणाऱ्या माणसाला त्या आजीशी काय देणंघेणं? म्हणून मी माझे उतारे स्वतः लिहिते. रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत, इडलीच्या दुकानासमोरची रांग, शेजाऱ्यांचा नळ, असलं काहीतरी. विद्यार्थी हसतात आणि हसताहसता भाषा डोक्यात शिरते. या कलेचा मला जरा जास्तच गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

पोर्तुगीज मला आली ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. आम्ही काही वर्षं ब्राझीलमध्ये होतो. नवरा अजून तिकडेच आहे, तो वेगळा विषय. मी परत आले ती बसवनगुडीत, वडिलांच्या घरी. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मूळचे साताऱ्याकडचे, पण सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. आई गेल्यापासून घरात ते एकटे होते. मी आले तेव्हा नातेवाइकांनी माझं फार कौतुक केलं की बघा, मुलगी असावी तर अशी. खरं म्हणजे मला राहायला जागा हवी होती आणि ती त्यांनी दिली होती. पण ते कौतुक मी नाकारलं नाही.

घर जुनं, तळमजल्यावरचं. मधे मोठा हॉल, त्याच्या एका अंगाला अण्णांची खोली, आणि संडास-बाथरूम दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या मागे. त्या काळी घरं अशीच बांधत. अण्णांना खोलीतून कुठेही जायचं तर हॉल ओलांडावा लागतो. आणि दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा त्या हॉलमध्ये माझा वर्ग भरतो. सतरंजीवर आठ-दहा जण, भिंतीला पांढरा फळा, आणि मी. कुणाला ब्राझीलच्या क्लायंटशी बोलायचं असतं, कुणाला लिस्बनला नोकरी लागलेली असते.

वर्ग नवीन होता तेव्हाची गोष्ट. एका कंपनीने आपली चार मुलं माझ्याकडे पाठवली होती, आणि शिकवणी कशी चाललीय ते बघायला त्यांच्या ऑफिसातली एक बाई आली होती. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर लॅपटॉप. मी क्रियापदं समजावत होते, आवाजही जरा ठेवणीतला लावला होता. तेवढ्यात अण्णांच्या खोलीचं दार उघडलं. अंगात बनियन, कमरेला पंचा, तोंडात कवळी नाही. ते हॉलच्या मधोमध आले आणि पाहुणी दिसल्यावर थांबले. घरी आलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जाणं त्यांच्या स्वभावात नाही. बोळक्या तोंडाने त्यांनी त्या बाईला विचारलं, "ऊट आय्ता?" जेवण झालं का. सकाळचे साडेनऊ वाजले होते. पोरं खाली माना घालून हसली. बाई आय्तु, आय्तु, झालं म्हणाली आणि लॅपटॉपकडे बघू लागली. अण्णा संडासात गेले, आणि आमच्या घरच्या जुन्या टाकीचा फ्लश साऱ्या वर्गाने ऐकला.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर स्वयंपाकघरात मी त्यांना बोलले. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. दातओठ खात, हळू आवाजात बोलले. म्हटलं, "अण्णा, क्लास चालू असताना असं मधून फिरत जाऊ नका. आणि या अवतारात तर नकोच. लोक काय म्हणतील?"

अण्णा ओट्याला टेकून उभे होते. त्यांनी पंचा जरा सारखा केला आणि म्हणाले, "सरी." कन्नडमध्ये ठीक आहे म्हणायला सरी. त्यांच्या तोंडी तो शब्द दिवसातून अनेकदा येतो, दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी. मीही तो तसाच ऐकला आणि विसरून गेले.

त्यानंतर अण्णा शनिवारी सकाळी बाहेर दिसेनासे झाले. मला वाटलं, चला, एकदा सांगून कळलं. मग एका शनिवारी मी त्यांना चहा नेऊन दिला तर त्यांनी कप बाजूला सारला. पाण्याचा तांब्याही भरलेला तसाच होता. मी घाईत होते, फळा पुसायचा होता. दारातूनच विचारलं, "काय अण्णा, शनिवार धरलात की काय?"

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हं. तसंच समज."

झालं. अण्णांनी शनिवार धरला. जन्मभर ज्यांनी देवळात जायचं म्हटलं की पाय दुखतो म्हणून सांगितलं, ते म्हातारपणी मारुतीला लागले, याची मला गंमत वाटली आणि थोडा अभिमानही. पुण्याच्या मावशीला मी फोन करून सांगितलं. पाणीसुद्धा घेत नाहीत गं, वर्ग संपेपर्यंत निर्जळ. मावशी म्हणाली, वय झालं की सुचतं माणसाला. मी दर शनिवारी दुपारी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करू लागले. साबुदाणा अण्णांना कधीच आवडला नाही, पोटात दगडासारखा बसतो म्हणायचे. पण त्यांनी एकदाही ताट परत केलं नाही. मी समोर बसून वाढत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते.

तर आता उताऱ्याकडे येते. या बॅचला उभयान्वयी अव्ययं शिकवायची होती. पण, कारण, म्हणून, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा. हे छोटे शब्द शिकवायला अवघड, कारण वाक्यं तोंडपाठ करून ते येत नाहीत. एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध आहे ते आधी डोक्यात असावं लागतं. त्यासाठी एखादा लहानसा उतारा लागतो, ज्यात घडतं थोडं पण का घडतं ते स्पष्ट असतं. मला लगेच अण्णा सुचले. सोपं आणि घरचं.

पोर्तुगीजमधला तो उतारा मराठीत साधारण असा होता. माझे वडील म्हातारे आहेत. ते रोज पहाटे उठतात आणि चहा पितात, पण शनिवारी ते चहा पीत नाहीत, कारण ते मारुतीचे भक्त आहेत. जरी त्यांचं वय झालं असलं तरी ते पाणीसुद्धा घेत नाहीत. जेव्हा माझा वर्ग संपतो तेव्हा ते उपवास सोडतात. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून मी त्यांच्यासाठी खिचडी करते.

शनिवारी मी उतारा फळ्यावर लिहिला, तोही जोडणारे शब्द गाळून, सुटी सुटी वाक्यं. ती वाचून, विचार करून सगळ्यांनी आपापल्या मनाने जोडायची होती. पोर्की म्हणजे कारण, मास म्हणजे पण, एम्बोरा म्हणजे जरी, एवढं बाजूला लिहून ठेवलं. अण्णांच्या खोलीचं दार फळ्याला लागूनच आहे. ते नेहमीप्रमाणे बंद होतं.

वर्गात निपाणीकडचा एक मुलगा आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला, घरी मराठी, बाहेर कन्नड, दोन्ही सारख्याच झोकात. मला मॅडम म्हणतो, विसरला की अक्का म्हणतो. उतारा वाचून झाल्यावर त्याने हात वर केला आणि मराठीतच विचारलं, "मॅडम, कुठला उपास अकराला सुटतोय? आमच्यात शनिवार सोडत्यात ते संध्याकाळी, दिवा लावल्यावर."

बाकीच्यांना मराठी कळत नव्हती, पण तो काहीतरी आगाऊ बोलला हे कळलं. मी म्हटलं, वर्गात पोर्तुगीज बोलायचं. आणि प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी असते. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. अकराला सुटणारा उपवास मीही कधी ऐकला नव्हता. पण आपल्याच घरातल्या माणसाबद्दल आपण फार प्रश्न विचारत नाही. सगळं आपल्याला माहीत आहे अशी खात्री असते.

मग सगळ्यांनी लिहिलेली वाक्यं मी तपासली. त्या मुलाने वाक्यं वेगळीच जोडली होती. पाणी न पिण्याचं वाक्य त्याने मारुतीला न जोडता वर्गाला जोडलं होतं. माझे वडील पाणी पीत नाहीत, कारण मुलीचा वर्ग चालू असतो. व्याकरणात काही चूक नव्हती, क्रियापदही बिनचूक. मी त्याच्यावर लाल फुली मारली. तो म्हणाला, हे पण चालतंय की मॅडम, वर्ग संपला की पितात म्हणजे वर्गामुळेच पीत नसतील. मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे, गोष्ट चूक आहे. माझे वडील मला माहीत आहेत. सगळे हसले. तोही हसला.

पण मला ते लागलं होतं. माझ्या उताऱ्यात कुणी खोट काढलेली मला खपत नाही. मी म्हटलं, आता प्रत्येकाने पूर्ण उतारा मोठ्याने वाचायचा, कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते आवाजातून कळलं पाहिजे. वर्ग संपायची वेळ झाली होती. तरी मी एकेकाला उभं केलं. कुणाचे उच्चार सुधारले, कुणाला पुन्हा वाचायला लावलं. अकरा वाजून गेले, साडेअकराही होत आले. माझे वडील पाणीसुद्धा घेत नाहीत, हे वाक्य त्या हॉलमध्ये आठ-दहा जणांनी मोठ्याने म्हटलं, आणि दाराच्या पलीकडे माझे वडील बसले होते.

शेवटचा विद्यार्थी चपला घालून गेला तेव्हा मी अण्णांच्या दारावर टकटक केलं आणि आत गेले. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. खाली लाल जमिनीवर त्यांनी वर्तमानपत्रं पसरली होती आणि एका पायाने ती सरकवत होते, पुसत होते. पंचा ओला झाला होता. वास आला तेव्हा मला कळलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान न वळवता विचारलं, "गेले का सगळे?"

मी हो म्हटलं.

"आज स्वल्प लांबला," अण्णा म्हणाले. मग एखादं गणित चुकल्यासारखे, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सकाळपासून थेंबभर पाणी घेतलं नव्हतं गं. तरी कसं झालं कळत नाही."

मी दारातच उभी होते. त्यांना ब्लड प्रेशरची जी गोळी आहे तिने वारंवार लघवीला जावं लागतं. डॉक्टरांनी ते मला समोर बसवून सांगितलं होतं. ती गोळी रोज सकाळी मीच त्यांच्या हातावर ठेवते. शनिवारीही ठेवते. ते ती कोरडीच गिळत होते, आणि मी ते शनिवारमागून शनिवार बघत होते.

"म्हणजे उपवास?" मी विचारलं. विचारायची खरं तर गरज नव्हती.

"उपवास तू म्हणालीस," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, बरं झालं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्यावर डाफरले असते तर मला तोंड लपवायला जागा मिळाली असती. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की जमीन तू पुसू नकोस, मी पुसतो. मी त्यांच्या पायाखालचे पेपर काढून घेतले. बादली आणली, फडकं आणलं. ते बाथरूमकडे गेले तेव्हा हॉलमध्ये क्षणभर थांबले. फळ्यावर उतारा तसाच होता. अण्णांना पोर्तुगीजचं अक्षरही कळत नाही, पण मला तो फळा कुठेतरी फेकून द्यावासा वाटला. मी ओल्या फडक्यानेच तो पुसला.

त्या दुपारी मी वरणभात केला. अण्णांनी ताटाकडे बघितलं आणि आज खिचडी नाही का, असं विचारलंही नाही. दोनदा भात घेतला. मी त्यांना म्हटलं, अण्णा, तुम्ही केव्हाही बाहेर या. वर्ग असो, कुणीही असो. घर तुमचं आहे. घर तुमचं आहे हे वाक्य बोलताना माझी मलाच लाज वाटली, कारण ते कुणी सांगायची पाळी यावी असं ते घर नव्हतंच. अण्णा जेवता जेवता म्हणाले, "सरी." तोच सरी. या वेळी मला तो नीट ऐकू आला, आणि त्याचा भरवसा वाटेना.

आठवडाभर मला कशातच धड लक्ष लागेना. वर्ग दुसरीकडे हलवावा असं वाटलं, पण एवढ्या लवकर जागा मिळेना. मावशीचा फोन आला. तिने विचारलं, काय म्हणतोय अण्णांचा शनिवार. मी म्हटलं, सोडला त्यांनी. ती म्हणाली, अगं, असा मधेच सोडू नये, उद्यापन करावं लागतं. मला तिला खरं सांगता आलं नाही. विषय बदलून मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

पुढच्या शनिवारी मी अण्णांना लवकर चहा दिला. समोर बसून राहिले. त्यांनी दोन घोट घेतले, माझ्यासाठी घेतले हे दिसत होतं, आणि कप स्टुलावर ठेवला. म्हणाले, तू जा, पोरं येतील. पितो मी सावकाश. मी गेले.

विद्यार्थी आले. मी नारळवाल्यावरचा एक साधा उतारा घेऊन बसले होते, ज्यात कुणाच्याच घरचं काही नव्हतं. सुरुवात करण्याआधी मी त्या निपाणीच्या मुलाचा कागद मागून घेतला. लाल फुलीच्या बाजूला बरोबरची खूण केली. म्हटलं, "तुझं वाक्य बरोबर होतं."

त्याने खुणेकडे पाहिलं. "गोष्ट पण?"

"गोष्ट पण."

त्याने एकदा त्या बंद दाराकडे बघितलं आणि कागद घडी करून बॅगेत ठेवला. मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. बाकीच्यांनाही सांगायला हवं होतं, वर्गातच चुकलेलं वर्गातच दुरुस्त करायला हवं होतं. मी नारळवाल्याकडे वळले.

निम्मा वर्ग झाला असेल. फळ्याशेजारचं दार उघडलं. मी शिकवायची थांबले नाही, मुद्दाम थांबले नाही, म्हटलं, येऊ देत, नेहमीसारखं चालू राहू दे. मग मुलांचे चेहरे बघून मागे वळले.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऑफिसचा पांढरा शर्ट घातला होता. निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यालाच तो बाहेर निघतो. राखाडी पँट, तिच्यावर पट्टा शेवटच्या भोकात आवळलेला, तरी पँट कमरेवर गोळा झालेली. खिशाला पेन. केस पाण्याने चापूनचोपून बसवलेले, तोंडात कवळी. पायात मोजे. ते सावकाश, भिंतीला धरून हॉलच्या मधे आले. निपाणीचा मुलगा आधी उठून उभा राहिला, मग सगळेच राहिले. अण्णांनी हाताने बसा, बसा केलं. गुड मॉर्निंग म्हणाले. या वेळी जेवणाचं विचारलं नाही.

ते मागे गेले. फ्लशचा आवाज आला. कुणी हसलं नाही. येताना त्यांनी रुमालाला हात पुसले, मुलांकडे बघून मान हलवली आणि खोलीत जाऊन दार आतून इतकं हळू लावलं की बिजागरीचा आवाजही झाला नाही. मी नारळवाला पूर्ण केला. काय शिकवलं ते मला आठवत नाही.

वर्ग सुटल्यावर मी आत गेले. अण्णा कॉटच्या कडेला, तसेच कपडे घातलेले, ताठ बसले होते. स्टुलावरचा चहा साय धरून तसाच होता. एवढे कपडे त्यांनी केव्हा घातले असतील, शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागला असेल, तेवढा वेळ लागलेलं दाबून ते कसे उभे राहिले असतील, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. आपल्याच घरात संडासला जायला माझे वडील नटले होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा काळजीने विचारलं, "बरा दिसत होतो ना? कुणी काही म्हणालं नाही ना तुला?"

मी म्हटलं, नाही अण्णा, छान दिसत होता. मग खाली बसून त्यांचे मोजे काढू लागले, कारण मान वर करायची माझी हिंमत नव्हती.